बेरीज आणि वसूल : पेशवाईच्या हिशेबाचे वाचन

मराठ्यांच्या इतिहासाची चर्चा बहुधा रणांगणावर सुरू होते आणि तेथेच संपते. फौज कोणत्या पैशावर उभी राहिली, तो पैसा वसुलाचा होता की सावकाराकडून आणलेला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी रुमालांत त्याचे उत्तर आहे. हिशेबाचे कागद बखरींइतके रसाळ नसतात हे खरे. पण ते कोणाची स्तुतीही करीत नाहीत.

हुजूर दफ्तराची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. फडणिसांच्या देखरेखीखालील चालत्या दफ्तरात बेहेड्याची शाखा असे. येणाऱ्या सालाचे अंदाजपत्रक तेथे तयार होऊन पेशव्यांपुढे जाई. एकबेरीज दफ्तर निराळे व ते कायम पुण्यास असे. साऱ्या खात्यांचे हिशेब तेथे येत, त्यांची खतावणी होई आणि जमा, खर्च व शिल्लक दाखविणारा तर्जुमा निघे. म्हणजे योजिलेले काय आणि घडले काय, हे दोन्ही कागद राज्याजवळ होते. ते शेजारी ठेवून वाचले, तरच प्रकृतीचे निदान होणार!

हा भेद किती मोठा असे, हे ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात दिसते. थोरल्या माधवरावांच्या मृत्यूसमयी, १७७२ साली, एकंदर मराठी राज्याचे कागदोपत्री उत्पन्न १० कोटी रुपये होते. चौथ, घासदाणा वगैरे धरून प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम मात्र तो सुमारे ७ कोटी २० लाख मानतो. पेशव्यांच्या थेट ताब्यात त्यातील २ कोटी ८० लाखांच्या आसपासच होते. आकार, वसूल आणि बाकी ही तीन नावे आपल्या पूर्वजांनी उगाच वेगळी ठेवली नव्हती. नुसत्या आकारावर फौजेची नेमणूक केली, की तूट सावकाराकडे जाते. पहिल्या बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत कर्जाचे जे गाऱ्हाणे आहे, ते विजयांच्या ऐन भरातील आहे, हे विसरता कामा नये. माधवरावांनाही अखेरच्या आजारात राज्याच्या कर्जफेडीची चिंता होती.

याच्या उलट उदाहरण दुसऱ्या बाजीरावाचे. दरसाल किमान ५० लाख शिल्लक टाकून त्याने ५ कोटींहून अधिक द्रव्य साठविले होते, असे डफच लिहितो. शिलकेकडेच पाहणारा या राज्याला सुदृढ म्हणेल. परंतु ही शिल्लक आली कोठून? एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात नोंदविले आहे, की मामलती अनुभवी माणसांस न देता लिलावाने दिल्या जात. मक्तेदार अधिक बोली बोले आणि ती रयतेकडून वसूल करी. पुढील वर्षांचे पीक आजच कापून कोठारात भरावे, तसा तो प्रकार होता. गावाच्या पडलेल्या जमिनी व परागंदा कुळे खजिन्याच्या शिलकेत दिसत नाहीत. ती महालांच्या हिशेबात शोधावी लागतात. (आपल्या वाचनालयांच्या अहवालातही सभासदांची अनामत जमेच्या बाजूस पाहून हुरळणारे वाचक भेटतात, ती रक्कम देणे आहे, हे ताळेबंद सांगतो, पण तितकी पाने उलटतो कोण?)

ती शोधण्याची सोयही त्या काळात राहिली नाही. १७९६-९७ पासून इंग्रजी अंमल येईपर्यंत दफ्तराची केवळ हेळसांड झाली नाही, तर तेथील कारकुनांची व्यवस्था जवळजवळ मोडली आणि लोकांस कागद उचलून नेऊ दिले गेले, असे मॅक्लाउड या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. खजिना भरत होता त्याच वर्षांतली ही गोष्ट.

बडोदे संस्थानच्या सेवेतून निवृत्त झालेल्या रियासतकार सरदेसायांनी पुढे याच दफ्तरातून १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. हिशेबी रुमालांचा फार मोठा भाग मात्र अद्याप मोडीतच आहे.