सेंदाईची वाळू, फुकुशिमाचं घड्याळ

जुलै 869. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर जोगान भूकंप. समुद्र आत घुसला, सुमारे 1,000 माणसं बुडाली, अशी दरबारी इतिहासात नोंद.

2001. तोहोकू विद्यापीठाचे कोजी मिनोउरा आणि सहकारी सेंदाईच्या भातखाचरांखालच्या मातीचा अभ्यास प्रसिद्ध करतात. काळ्या चिखलात समुद्री वाळूचा पातळ थर, त्याच्या लगेच वर तोवादा ज्वालामुखीची 915 सालची राख. म्हणजे वाळू त्याआधीची, जोगानची. तिच्याखाली तसेच आणखी दोन थर. अशी लाट 800 ते 1,100 वर्षांनी येते, असा हिशेब निघतो. जोगानला तेव्हा 1,132 वर्षं झालेली आहेत.

मार्च 2008. फुकुशिमा दाइइची अणुवीज प्रकल्पाची संरक्षक मर्यादा 5.7 मीटर. प्रकल्प चालवणाऱ्या टेपको कंपनीच्या अंतर्गत आकडेमोडीत लाट 15.7 मीटर येते. अणुभट्ट्यांची जमीन 10 मीटरवर आहे.

31 जुलै 2008. बांधकाम लगेच नको, आधी स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेकडून अभ्यास करून घेऊ, असं टेपकोत ठरतं. या सगळ्यात मला हाच दिवस सर्वांत जड वाटतो. हाती 2 वर्षं 7 महिने होते.

त्याच वर्षी जोगानच्या वाळूवरून वेगळा हिशेब होतो: सुमारे 9 मीटर. तोही कमीच. पाणी वाळूच्याही पुढे जातं: 2011च्या त्सुनामीत सेंदाईला वाळू 3 किमीच्या आसपास थांबली, पाणी 4 किमीच्या पुढे गेलं.

24 जून 2009. सरकारी बैठकीत भूगर्भशास्त्रज्ञ युकिनोबू ओकामुरा विचारतात, जोगानचा विचार का नाही? उत्तर मिळतं: पुढे बघू.

7 मार्च 2011. 15.7 मीटरचा आकडा टेपको नियामकांना कळवते.

9 मार्च, सकाळी 11.45. त्याच समुद्रात 7.3 तीव्रतेचा भूकंप. लाट मीटरभरही नाही.

11 मार्च, दुपारी 2.46. तीव्रता 9.0. चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद होतात. बाहेरची वीज जाते, डिझेल जनित्रं सुरू होतात. त्यांतली बहुतेक तळघरात आहेत.

2.49. त्सुनामीचा इशारा. फुकुशिमासाठी अंदाज 3 मीटर.

3.14. अंदाज 6 मीटर.

3.27. पहिली लाट, सुमारे 4 मीटर. बंधारा ती अडवतो.

3.30. अंदाज 10 मीटरहून जास्त.

3.35च्या सुमारास दुसरी लाट. पातळी मोजणारं यंत्र 7.5 मीटरपर्यंतच मोजू शकतं. ते वाहून जातं. पाणी 15 मीटरच्या आसपास चढतं. भूकंपानंतर पाहणी करायला गेलेले दोन कर्मचारी चौथ्या युनिटच्या तळघरात आहेत. दोघेही तिथेच मरण पावतात.

3.37. पहिल्या युनिटची वीज जाते.

3.38. तिसऱ्याची.

3.41. दुसऱ्याची.

3.42. प्रकल्पातून सरकारला आणीबाणीची पहिली सूचना जाते.