खांदा, ओझे आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

मराठीत खांद्यावरून आलेले शब्दप्रयोग पाहिले, तर त्यांतले बहुतेक ओझ्याशी जोडलेले आढळतात. खांद्यावर जबाबदारी येते, खांद्याला खांदा लावून काम होते, शेवटी चौघांचा खांदा लागतो. मंत्रिमंडळाच्या बातम्यांत हटकून येणारा ‘खांदेपालट’ हा शब्दही मुळात पालखी वा तिरडी वाहणाऱ्यांचा. एकाचा खांदा दुखला की दुसऱ्याने खाली शिरावे आणि पहिल्याने मोकळे व्हावे, ही त्यामागची रीत. दुखणारा खांदा हा एकट्याचा प्रश्न नाही, ही जाण या एका शब्दात साठलेली आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, किंबहुना सगळ्या वऱ्हाडात, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेला बैलाचा खांदा त्या दिवशी हळद-तुपाने चोळतात, शेकतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याला जुवाला लावत नाहीत. शेक, मालीश आणि विसावा अशी ही तीन कलमांची चिकित्सा आहे. माणसाच्या खांद्याला मात्र असा राखीव दिवस पंचांगात नाही. त्याचे दुखणे महिनोन्‌महिने चालते, मग कोणी तरी ‘ऑपरेशन करून टाका’ म्हणते, आणि घरात विचार सुरू होतो : करावे की न करावे? या प्रश्नाला जो इतिहास आहे तो येथे थोडक्यात मांडावा, असा आमचा विचार आहे. वैद्यकीय सल्ला देणे हे आमचे काम नव्हे. परंतु एखादे स्पष्टीकरण कसे जन्मते, कसे रुजते आणि कसे तपासले जाते, हे पाहणे साहित्याच्या अभ्यासकाला परके नाही.

आपल्या परंपरेत खांद्याच्या दुखण्याला ‘अवबाहुक’ असे नाव आहे. खांद्याच्या ठिकाणी राहिलेला वायू तेथील बंधने शोषून टाकतो, शिरा आखडवतो आणि हात जखडतो, असे त्याचे वर्णन सुश्रुतसंहितेत येते. सुश्रुतसंहिता हा शस्त्रकर्माचा प्रमाणग्रंथ. त्यामुळे तो येथे काय करायला सांगतो याची उत्सुकता असते. चिकित्सास्थानात गृध्रसी, विश्वाची इत्यादी अनेक वातविकारांची यादी देऊन त्यांत शिरावेध करावा, असे सांगितले आहे. मात्र त्याच वाक्यात अवबाहुकाचा अपवाद केला आहे. आजची शस्त्रक्रिया आणि तो शिरावेध एक नव्हेत, आणि अवबाहुकाला आजच्या एखाद्याच निदानाशी जोडून टाकणेही धाडसाचे ठरेल. तरीही शस्त्र हाती असलेल्या परंपरेने ‘येथे नको’ असे स्वतःहून म्हणावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आधुनिक वैद्यकात हा विषय १८७२ मध्ये फ्रेंच शल्यविशारद द्युप्ले याने मांडला. सांध्याभोवतीच्या ऊती सुजतात व चिकटतात, अशी त्याची उपपत्ती होती. पुढे बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन याने १९०९ मध्ये खांद्याची फाटलेली कंडरा शिवली आणि १९११ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १९३४ मध्ये त्याने ‘द शोल्डर’ हा ग्रंथ काढला. आज सर्रास वापरला जाणारा ‘फ्रोझन शोल्डर’ हा शब्द त्यातलाच. या शास्त्रीय ग्रंथाच्या आरंभी कॉडमनने लांबलचक आत्मचरित्रात्मक प्रस्तावना जोडली आहे, आणि तिला कारण होते.

कॉडमनचा आग्रह साधा होता. प्रत्येक रुग्णाचे शस्त्रक्रियेनंतर पुढे काय झाले हे रुग्णालयाने नोंदवावे, गुण आला नसेल तर का आला नाही हे शोधावे आणि ते जाहीर करावे. १९१४ मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधली जागा सोडली. १९१५ मध्ये एका सभेत त्याने व्यंगचित्र मांडले : वाळूत डोके खुपसून सोन्याची अंडी देणारा शहामृग म्हणजे शहरातले श्रीमंत रुग्ण, आणि ती अंडी वेचणारे डॉक्टर. या प्रकरणाने तो सहकाऱ्यांना नकोसा झाला. आपल्या छोट्या खासगी रुग्णालयातले १९११ ते १९१६ या काळातले ३३७ रुग्ण आणि त्यांच्या बाबतीत घडलेल्या १२३ चुका त्याने स्वतः छापून प्रसिद्ध केल्या. खांद्याच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्या माणसाने ‘गुण आला का?’ हा प्रश्नही सोबत ठेवला होता. पुढच्या पिढ्यांनी त्यातली शस्त्रक्रिया लवकर उचलली, प्रश्नाला मात्र वेळ लागला.

१९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर याने एक सुबोध उपपत्ती मांडली. हात वर उचलताना खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली, म्हणजे ॲक्रोमियनखाली, कंडरा घासली जाते; म्हणून त्या हाडाचा पुढचा भाग तासून जागा मोकळी करावी. नीअरने ही शस्त्रक्रिया दीर्घकाळ इतर उपचार करूनही न थांबणाऱ्या दुखण्यासाठी सांगितली होती. पण स्पष्टीकरण इतके चित्रमय होते, की ते रुग्णाला आणि डॉक्टरला एकाच वेळी पटे. दार चौकटीला घासते तर रंधा मारा, इतके ते सोपे. पुढे हेच काम दुर्बिणीने, बारीक छिद्रांतून होऊ लागले आणि संकोचही गेला. एकट्या इंग्लंडमध्ये २००० साली अशा २,५२३ शस्त्रक्रिया झाल्या होत्या. २०१० साली त्या २१,३५५ झाल्या.

या उपपत्तीची खरी परीक्षा झाली ती त्यानंतर. ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांचे तीन गट केले गेले. एका गटाचे हाड तासले. दुसऱ्याच्या खांद्यात दुर्बीण घालून नुसते पाहिले, काही कापले नाही. तिसऱ्यावर काहीच उपचार केले नाहीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेले निष्कर्ष असे होते : शस्त्रक्रिया झालेले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा किंचित बरे होते, पण हा फरक रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणावा इतका नव्हता, आणि हाड तासलेले व न तासलेले यांच्यात तर फरकच नव्हता. २०१८ मध्ये फिनलंडमधील अभ्यासातही तासणे आणि नुसते पाहणे यांत दोन वर्षांनंतर लक्षणीय अंतर आढळले नाही. २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या तज्ज्ञगटाने अशा दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली. पंचेचाळीस वर्षे पटत आलेली गोष्ट अशा रीतीने मोडीत निघाली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘खांद्याचे ऑपरेशन’ ही एक वस्तू नाही. अपघातात नुकतीच फाटलेली कंडरा, पुनःपुन्हा निखळणारा सांधा, अस्थिभंग, जंतुसंसर्ग, गाठ यांचे हिशेब निराळे आहेत, आणि त्यांपैकी काहींत उशीर करणे घातक असते. आखडलेल्या खांद्याचे, जो मधुमेहींत अधिक आढळतो, गणित आणखी वेगळे. त्यावर ब्रिटनमध्येच २०२० साली ५०३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्यायामोपचार, भूल देऊन सांधा मोकळा करणे आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया या तिन्हींत कोणतीच एक पद्धत निर्णायकपणे सरस ठरली नाही. ‘ऑपरेशन करावे का?’ या प्रश्नाच्या आधी म्हणून ‘कोणत्या दुखण्यासाठी कोणते?’ हा प्रश्न येतो.

दुसरी सावधगिरी चित्रांची. एमआरआयचा अहवाल हाती आला, की त्यातला ‘कंडरा फाटली आहे’ हा शब्दसमूह घराचा ताबा घेतो. १९९५ मध्ये अमेरिकेत खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ९६ जणांची एमआरआय तपासणी झाली, तेव्हा ३४ टक्के लोकांच्या खांद्यात कंडरेची कमी-अधिक फाट दिसली. साठीपुढच्यांत तर ५४ टक्के. फाट होती, दुखणे नव्हते. आपण वर्गात सांगतो की संहिता संदर्भासह वाचावी लागते. अहवालाचेही तसेच आहे. रुग्णाची कहाणी, त्याचा हात कुठवर उचलला जातो, रात्री झोप लागते का, यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय त्या चित्राला अर्थ येत नाही.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० मध्ये झाला तो खामगावच्या कापसाच्या बाजारासाठी. कापूस रेल्वेने जाऊ लागला, तरी डब्यापर्यंतचे आणि जिनिंगच्या आवारातले अंतर माणसाच्या पाठी-खांद्यांनीच कापले. मराठीत हमालाचे दुसरे नाव माथाडी. त्याच्या हक्कांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्याआधी दोन वर्षे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या वजनाची शिफारस ५५ किलोंपर्यंत मर्यादित केली होती. शंभर किलोंचे पोते उचलणाऱ्याच्या खांद्याचा इतिहास वैद्यकाइतकाच अशा आकड्यांत लिहिलेला आहे. आजही फवारणीचा पंप पाठीवर घेणारा, वेचलेल्या कापसाचे गाठोडे उचलणारी, सोयाबीनचे पोते ट्रॉलीत फेकणारा यांचा खांदा डॉक्टरकडे पोहोचतो तो हंगाम संपल्यावर.

मार्च २००६ मध्ये सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. वेस्ट इंडीजचा दौरा हुकला, पुनर्वसनाचा कार्यक्रम झाला आणि सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला त्याने नाबाद १४१ धावा केल्या. हे सहा महिने आपण मैदानावरचा वियोग म्हणून मोजले. त्यांत संघाने त्याच्या जागी दुसरा खेळाडू उभा केला होता, हे आपल्या ध्यानात येत नाही. हमालाला, मजूर बाईला, एकट्याच्या बळावर चार एकर कसणाऱ्याला हे सहा महिने कोण देणार? कंडरा शिवल्यानंतर हात काही आठवडे झोळीत राहतो, व्यायाम काही महिने चालतो, आणि त्या काळात पोते उचलले तर शिवण टिकेलच असे नाही. व्यायामोपचारालाही हेच लागू आहे. ‘ओझे उचलू नका’ हे वाक्य लिहायला एक ओळ लागते, पाळायला दुसरा खांदा लागतो.

म्हणून निर्णयाच्या वेळी विचारायचे प्रश्न आम्हांला असे दिसतात. नेमके निदान काय? या शस्त्रक्रियेने काय बदलेल, आणि माझ्यासारख्या किती जणांना त्याने खरोखर गुण आला? ती न करता तीन-सहा महिने नेटाने व्यायाम केला तर काय होईल? उशिराने काही बिघडणार आहे का? हात किती काळ बंद राहील? हे प्रश्न डॉक्टरला विचारायचे. कॉडमनने ते विचारण्याचा आपला हक्क शंभर वर्षांपूर्वीच मांडून ठेवला आहे. शेवटचा प्रश्न मात्र घराला, मालकाला आणि गावाला विचारायचा आहे : तोवर हे ओझे कोण घेणार? त्याचे उत्तर मिळाल्याखेरीज शस्त्रक्रियेचा होकार अपुरा आहे, आणि नकारही.