जेवणाचा दाह मोजायचा कसा?

ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, फोडणीत हळद-लसूण. आपल्या बाळापूरकडचं हे ताट दाह वाढवतं की कमी करतं?

दाह आणि कॅन्सर यांचा संबंध रुडॉल्फ फिर्खो यांनी १८६३ मध्येच मांडला होता. आहाराची मोजपट्टी मात्र फार उशिरा आली. २०१४ मध्ये नितीन शिवप्पा, जेम्स हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी १,९४३ शोधनिबंध तपासून ४५ घटकांना गुण दिले: दाह वाढवणाऱ्यांना अधिक, कमी करणाऱ्यांना उणे. त्यात हळद, लसूण, कांदा आहेत. जवसातलं ओमेगा-३ पण आहे.

आता थायरॉइडचा पेच बघा. दक्षिण कोरियात १९९९ नंतर सोनोग्राफी वाढली. २०११ मध्ये या कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं, मृत्यू मात्र जवळपास तेवढेच राहिले. म्हणजे आजारापेक्षा त्याचं सापडणं वाढलं.

म्हणून आहार आणि थायरॉइड कॅन्सरचा संबंध दाखवणारा निबंध हाती आला, की तीन प्रश्न विचारा. तपासणी कोणाची जास्त झाली? जेवणाची माहिती निदानाआधी घेतली की नंतर? आणि प्रश्नावलीत जवस होतं का? नसेल, तर आपल्या ताटाला दिलेले गुण अर्धवटच समजा.