मोटर जयली!

मंडळी, या शनिवारचा विषय जरा तेलकट आहे.

गेल्या जानेवारीत राळेगावला मामाकडे होतो. यवतमाळ जिल्ह्यातला हा भाग पऱ्हाटीचा, पण ज्याच्याकडे विहीर, त्याच्या वावरात हिवाळ्यात गहू-हरभराही दिसतो. सकाळी सहाला मामा वावरातून परत आला, ओसरीवर बसला आणि म्हणाला, "जयली बाप्पा मोटर." दोन वर्षांतली तिसरी. गहू ओंबीवर आलेला, म्हणजे आता पाणी चुकवायची सोय नाही.

पाच एचपीची ती मोटर ऑटोत टाकून रिवायंडिंगच्या दुकानात नेली. कारागिराने झाकण काढलं, एक नजर टाकली आणि म्हणाला, "एक फेज गेलता." मी चाटच! मग त्याने दाखवलं. मोटर स्टार जोडणीची. वायंडिंगचे तीन भाग, त्यातले दोन काळेठिक्कर आणि तिसरा कोरा करकरीत. तीनपैकी एक फेज तुटला की सगळा भार उरलेल्या दोघांवर येतो, करंट साधारण पावणेदोन पट होतो. तिन्ही भाग सारखेच काळे असते तर ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज. एकाच ठिकाणी जळकं टिंब असतं तर ओल शिरून किंवा वार्निश खरवडून झालेला शॉर्ट. आपण क्रॅश झाल्यावर लॉग वाचतो, तसा हा माणूस राख वाचत होता.

खरं तर ही मोटर जळावी अशी बनलेलीच नाही. टेस्लाने १८८८ मध्ये इंडक्शन मोटरचं पेटंट घेतलं, पुढच्याच वर्षी डोलिवो-डोब्रोवोल्स्कीने तीन फेजची पिंजऱ्याच्या रोटरची मोटर केली. तिच्यात ब्रश नाहीत, फिरत्या भागाला बाहेरून तार नाही. झिजायला बेअरिंग तेवढी. तिचा एकच शत्रू, उष्णता. ढोबळ नियम असा, की वायंडिंगचं तापमान दहा अंशांनी वाढलं की इन्शुलेशनचं आयुष्य निम्मं होतं.

मग आपल्याकडे इतक्या मोटरी का जळतात? इथे इतिहास सुरू होतो.

किर्लोस्करांची बंगलोरची इलेक्ट्रिक कंपनी १९४६ ची. राज्य वीज मंडळ आलं १९६० मध्ये. त्यानंतर खांब शिवाराशिवारात पोचले आणि विहिरीवरच्या मोटेची जागा मोटरने घेतली. (एका वेलांटीचाही फरक नाही!) पुढे शेतीपंपाला मीटरऐवजी एचपीवर आकारणी आली. बिल पाटीवरच्या आकड्यावर, मग पाटी बदलणं सोपं! साडेसातच्या मोटरवर पाचची पाटी लागली. डीपी मात्र कागदावरच्या एचपीच्या हिशोबाने बसलेली. शेवटच्या खांबावर व्होल्टेज पडणारच. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ४१५ च्या जागी ३०० व्होल्ट आले तर मोटरचा जोर निम्म्यावर येतो. पाणी तेवढंच ओढायचं, म्हणून ती जास्त करंट खेचते आणि तापते.

२००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं आणि त्याच सुमारास लोडशेडिंग टिपेला पोचलं. खेड्यात बारा-बारा तास लाईन नाही. ओलितासाठी लाईन यायची ती बऱ्याचदा रात्री. स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती स्टार्टर सोडून देते, म्हणजे वीज परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होऊ नये. चांगली जुनी सोय. पण रात्री दोन वाजता, थंडीत, साप-विंचवाच्या वाटेने बटण दाबायला जायचं कोणी? म्हणून ऑटो स्विच आला. लाईन आली की मोटर आपली आपण सुरू.

आता कबुलीजबाब. मामाचा ऑटो स्विच २००८ च्या दिवाळीत पुण्याहून मीच नेला होता. भाच्याचं केवढं कौतुक झालं तेव्हा! वर्षभरात त्या डीपीवर सगळ्यांनी बसवले.

जरा हिशोब करू. ६३ केव्हीएची डीपी म्हणजे साधारण ८४ अँपिअर. पाच एचपीच्या दहा मोटरी चालू असताना मिळून ७५ खातात, म्हणजे बसतात. पण सुरू होताना मोटर सहापट खेचते. दहाही एकाच क्षणी सुरू झाल्या की ४५०! व्होल्टेज कोसळतं, मोटरी नुसत्या गुंगुं करत जागच्या जागी तापतात, डीपीवरचा एक फ्यूज उडतो आणि उरल्या दोन फेजवर सगळ्या तडफडतात. सर्व्हर उठल्याबरोबर हजार क्लायंट तुटून पडतात तोच हा प्रकार. तिथे उपाय आपल्याला ठाऊक आहे, प्रत्येकाला थोडा वेगळा उशीर द्यायचा. मामाला ऑटो स्विच देताना हे माझ्या डोक्यात का आलं नाही, कोण जाणे.

तर उपाय. ओव्हरलोड रिले पाटीवरच्या करंटला लावा (पाटी खरी असेल तर), ट्रिप होतो म्हणून पिळून वाढवू नका. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवा. फ्यूजमध्ये जाड तार घालू नका. बेअरिंग खरखरली की लगेच बदला. विहीर आटली की पंप कोरडा चालू देऊ नका. एवढं आपलं आपण करता येतं. कपॅसिटर आणि टायमर यांची गोष्ट वेगळी. माझ्या कपॅसिटरने शेजाऱ्याचंही व्होल्टेज सुधारतं, माझ्या टायमरने शेजाऱ्याची मोटर वाचते. एकट्याने बसवून फार काही होत नाही.

सौर पंपाला, दिवसाच्या सौर फीडरला मामाचा पाठिंबाच आहे. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिलही सरकार भरतं. पण बिल माफ झालं म्हणून व्होल्टेज वाढत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी डीपीवरच्या दहा जणांना चहाला बोलावलं. आठ आले, सात जणांनी टायमर मान्य केले: पहिल्याला अर्धं मिनिट, दुसऱ्याला एक, असं करत. आठवे काका म्हणाले, "मायी मोटर आखरीत काऊन चालू व्हावं?" त्यांचं काही चुकलं नाही. मग मामाने स्वतःचा नंबर शेवटी घेतला आणि त्यांना पहिला दिला.

गहू झाला. मोटर अजून चालू आहे. उरलेल्या दोघांकडे मामा अधूनमधून जाऊन बसतो.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.