रोम : पाहिलेलं आणि आठवलेलं

जुनं शहर कसं होतं हे शोधताना आपण प्रवाशांच्या लिखाणाकडे वळतो. गावकऱ्याला सवयीचं झालेलं परक्याच्या डोळ्यांत भरतं, हे खरंच. पण त्या परक्याने ते त्याच रात्री लिहिलं की घरी परतून वीस-तीस वर्षांनी, हेही विचारायला हवं. रोमला गेलेल्या तिघांच्या लिखाणात हा फरक चांगला दिसतो.

मुतखड्याने हैराण झालेला फ्रेंच लेखक मोंतेन्य ३० नोव्हेंबर १५८० रोजी रोमला पोचला. वेशीवरच त्याच्या पेटाऱ्यांची झडती झाली आणि सगळी पुस्तकं तपासायला नेली गेली. त्याच्या प्रार्थनेच्या पुस्तकाचाही संशय आला, कारण ते रोमऐवजी पॅरिसमध्ये छापलेलं होतं. पाखंडी मतांचं खंडन करणारे जर्मन पंडितांचे ग्रंथही अडकले, कारण खंडन करायचं तर त्या मतांचा उल्लेख आलाच! त्याचे स्वतःचे निबंध मार्च १५८१मध्ये आक्षेपांसह परत मिळाले. त्यात 'दैव' हा शब्द फार वेळा येतो, हा एक आक्षेप होता.

हे आपल्याला कळतं ते त्याच्या रोजनिशीतून. तिचा काही भाग त्याच्या कारकुनाने लिहिला, काही त्याने स्वतः, तोही थोडा इटालियनमध्ये. ती छापण्यासाठी लिहिलेली नव्हती. त्याच्या वाड्यातल्या एका पेटीत ती जवळजवळ दोन शतकं पडून होती आणि १७७४ साली प्रसिद्ध झाली. प्राचीन रोमविषयी त्याचं मत रोखठोक होतं : उरलंय ते फक्त वरचं आकाश आणि जमिनीचा आराखडा, बाकी सगळं गाडलं गेलंय.

दुसरा प्रवासी म्हणजे एडवर्ड गिबन. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिण्याची कल्पना आपल्याला १५ ऑक्टोबर १७६४ रोजी कॅपिटोलिन टेकडीवरच्या अवशेषांत बसलेलं असताना सुचली, असं तो आत्मचरित्रात सांगतो. अनवाणी भिक्षू ज्युपिटरच्या मंदिरात सायंप्रार्थना गात होते, असं ते दृश्य. पण आत्मचरित्राचे खर्डे त्याने केले ते ग्रंथ पूर्ण झाल्यावर, म्हणजे या प्रसंगानंतर वीसहून अधिक वर्षांनी. त्यामुळे त्या तारखेबद्दल अभ्यासकांनी शंका घेतली आहे. शिवाय ते भिक्षू ज्या आराचेली चर्चमध्ये गात होते, ते ज्युपिटरच्या मंदिराच्या जागी नाहीच. मंदिर टेकडीच्या दुसऱ्या माथ्यावर होतं.

तिसरा ग्योथे. ३ सप्टेंबर १७८६च्या पहाटे तो मित्रांना न सांगता कार्ल्सबादहून निसटला. नाव बदललं, फ्लोरेन्सला जेमतेम तीन तास दिले आणि २९ ऑक्टोबरला रोम गाठलं. फ्रँकफुर्टच्या घरात वडिलांनी रोमची चित्रं टांगलेली होती. ती लहानपणची चित्रंच समोर उभी राहिली, असं तो लिहितो. मात्र प्रवासाचं पुस्तक आलं १८१६-१७मध्ये. तोवर तो साठी ओलांडलेला, नामांकित लेखक झाला होता आणि जुनी पत्रं व टिपणं हाताशी घेऊन त्याने स्वतःच्या तरुणपणाची मांडणी केली होती.

मग गिबन आणि ग्योथे खोटं सांगतात का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. गिबनच्या चुकीतून त्या काळी जाणकार मंडळी ही टेकडी कशी ओळखत होती ते समजतं. ग्योथेच्या पुस्तकातून कळतं की उत्तरेकडचा सुशिक्षित माणूस रोमला निघण्याआधीच मनाने तिथे जाऊन आलेला असे. त्या काळी रोमन फोरममध्ये गुरं चरत आणि लोक त्या जागेला 'काम्पो वाच्चिनो', म्हणजे गुरांचं कुरण, म्हणत. शिकलेल्या पाहुण्याला मात्र तिथे सिसेरो दिसायचा. हाही त्या शहराच्या इतिहासाचाच भाग आहे.

पण १५८०मध्ये पोपच्या राज्यात शिरणाऱ्या माणसाला काय सोसावं लागे, हा प्रश्न असेल तर मोंतेन्यचा पेटारा जास्त उपयोगी. साक्षात्काराचा क्षण प्रवासी वर्षानुवर्षं मनात घोळवतो आणि घोळवताना तो बदलत जातो. झडतीचा वैताग तेवढा कुणी घोळवत बसत नाही. तो त्याच दिवशी लिहिला तरच टिकतो.

आराचेलीचं चर्च आजही आहे. ज्युपिटरच्या मंदिराचा पाया शेजारच्या संग्रहालयात पाहता येतो. दोन्हींमधलं अंतर चालायला काही मिनिटंच लागतात.