एकच प्रयोग, दोन निष्कर्ष: न्यूट्रॉनची शोधकथा

कॅरमची एक सोंगटी दुसरीवर नेमकी समोरून आदळली, तर पहिली जवळजवळ थांबते आणि दुसरी तिचा वेग घेऊन निघते. वस्तुमाने सारखी असली की असे घडते. न्यूट्रॉनच्या शोधात हाच हिशेब उपयोगी पडला.

जानेवारी १९३२ मध्ये पॅरिसमध्ये इरीन व फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी बेरिलियममधून निघणारे विद्युतभाररहित प्रारण मेणावर सोडले. मेणातून प्रोटॉन वेगाने बाहेर पडले. हे प्रारण म्हणजे गॅमा किरण, असे त्यांनी मानले.

केंब्रिजमध्ये जेम्स चॅडविक यांना हे पटेना. त्यांचे गुरू रदरफर्ड यांनी १९२० सालीच भाररहित जड कणाची कल्पना मांडली होती. चॅडविक त्याच्या शोधात होते. त्यांनी तेच प्रारण वेगवेगळ्या मूलद्रव्यांवर सोडून अणूंना बसणारे धक्के मोजले. गॅमा किरण मानले तर हायड्रोजनवरून ऊर्जा येई सुमारे साडेपाच कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट, नायट्रोजनवरून नऊ कोटी! एकाच प्रारणाच्या दोन ऊर्जा कशा? प्रोटॉनएवढ्या वस्तुमानाचा कण मानताच मात्र सगळे आकडे जुळले. फेब्रुवारीत त्यांचे पत्र 'नेचर'मध्ये छापून आले. १९३५ चे भौतिकीचे नोबेल त्यांना मिळाले. त्याच वर्षीचे रसायनाचे, कृत्रिम किरणोत्सारितेसाठी, जोलिओ-क्युरींना.

पॅरिसमधली निरीक्षणे बरोबरच होती, चुकला तो त्यांचा अर्थ. संवेग-अक्षय्यतेचा नियम शिकवताना ही हकिकत मुलांना जरूर सांगावी, असे आम्हांला वाटते.