शब्दवेध : मोहल्ला

‘मोहल्ला’ मराठीत आला तो अरबीतून, फारसीमार्गे. मुळाशी ‘ह-ल-ल’ हा धातू : गाठ सोडणे. प्रवासात ओझी सोडून जिथे उतरायचे, मुक्काम करायचा, ती जागा ‘महल्ला’. तालुक्याच्या जोडीने येणारा ‘महाल’ त्याच गोतातला. आणि प्रश्नाची गाठ सोडवणारा हिंदी-उर्दूतला ‘हल’सुद्धा.

‘मोहल्ला’ आणि ‘हल’ यांचे हे नाते भिवंडीने खरे करून दाखवले. १९८४च्या दंगलीत होरपळलेल्या या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८पासून मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही धर्मांचे शेजारी आणि पोलीस एकत्र बसू लागले. कुरबुरी वाढण्याआधीच मिटू लागल्या. डिसेंबर १९९२मध्ये मुंबई दंगलींत पेटली, भिवंडी शांत राहिली. पुढे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन आयुक्त सतीश साहनी आणि शांतता कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मुंबईतही ही चळवळ रुजवली.

मुंबईतल्या त्या दंगलींनंतर अनेक मुस्लिम कुटुंबांनी मुंबई सोडून मीरा रोडचे नया नगर गाठले. बहुतांशी हिंदू वस्तीचे शांती नगर तिथून हाकेच्या अंतरावर. दोघांचे रेल्वे स्टेशन एकच. तरी २१ जानेवारी २०२४च्या रात्री, अयोध्येतल्या राम मंदिराच्या प्राणप्रतिष्ठेच्या आदल्या दिवशी, नया नगरात दोन समाजांत राडा झालाच, पाठोपाठ बांधकामे पाडायला बुलडोझरही आला.

समित्यांचे दुखणे जुनेच आहे : अधिकारी बदलला की बैठका थंडावतात. शिवाय मुंबईच्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८च्या अहवालानंतरही बहुतेक दोषी मोकळे राहिले. न्याय अडला की चहापाण्याने मने जुळत नाहीत. तेव्हा मोहल्ल्याने बोलते राहावे आणि सरकारने न्याय करावा. एकावाचून दुसरे लंगडे.